हेडिंगवर जाऊ नका : हेड-नेक कॅन्सर सर्जरीचं कोडिंग कसं करायचं

सराफ्यातली रात्रीच्या खाण्याची गर्दी ओसरायला लागते तेव्हा आमची शिफ्ट जेमतेम अर्ध्यावर आलेली असते. इंदूरात मेडिकल कोडिंग करणारी मराठी मुलं-मुली आता बरीच झालीत. रामबाग, नारायण बाग, सुदामा नगर, कुठेही जा, एखादं तरी घर सापडतंच जिथं आई सकाळी दूध तापवायला उठते आणि पोरगी लॅपटॉप मिटून झोपायला जाते. मीही त्यातलीच एक. अमेरिकेतल्या सर्जन लोकांची बिलं कोड करते, म्हणजे ऑपरेशनची नोट वाचून त्यातल्या कामाचे ठरलेले कोड बिलावर टाकते, आणि गेली काही वर्षं माझ्याकडे जास्त करून ईएनटी आणि हेड-नेक ऑन्कोलॉजीचंच (डोकं-मानेच्या कॅन्सरचं) काम येतं. नवीन जॉईन झालेल्या पोरांना हा भाग आला की घाम फुटतो, आणि प्रत्येकाला तेच तेच समजावून माझा घसा बसतो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

हे सीपीसीची, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेट परीक्षेची, तयारी झालेल्यांसाठी आहे. मॉडिफायर (कोडमागे लावायची दोन अंकी-अक्षरी जोड) म्हणजे काय इथपासून सुरुवात असेल तर आधी ते करून या.

ही सर्जरी अवघड का जाते ते आधी सांगते. गॉलब्लॅडर काढलं की एक कोड, विषय संपला. इथं एकाच पेशंटवर आठ-दहा तास काम चालतं, दोन टीम असतात, एक कापणारी आणि एक पायाचं हाड आणून जबडा बांधणारी, आणि ऑपरेटिव्ह नोट पाच-सहा पानांची. वर कोड एका जागी नाहीत. जीभ आणि तोंड ४० आणि ४१ च्या घरात, जबड्याचं हाड २१ मध्ये, मानेच्या गाठी ३८ मध्ये, फ्लॅप (दुसरीकडून रक्तवाहिनीसकट आणून लावलेला तुकडा) कधी १५ मध्ये तर कधी २० मध्ये, श्वासनळी ३१ मध्ये. किराणा एका दुकानात, भाजी दुसऱ्या, दळण तिसऱ्या, तसला प्रकार.

आणखी एक, कुठल्या बाजूचं बिल करताय ते पक्कं करा. सर्जनचं बिल असेल तर सीपीटी, म्हणजे डॉक्टरांनी केलेल्या कामाचे पाच आकडी कोड. पेशंट अ‍ॅडमिट असेल आणि हॉस्पिटलचं बिल असेल तर आयसीडी-१० पीसीएस, ते सात अक्षरी प्रकरण. निदान मात्र दोन्हीकडे आयसीडी-१० सीएम. आपल्याकडच्या आयुष्मान कार्डाच्या पॅकेजांचा याच्याशी काही संबंध नाही, तिथं योजनेची स्वतःची यादी असते. हे लिहावं लागतंय कारण माझा एक मामेभाऊ हॉस्पिटलात आयुष्मानच्या डेस्कवर बसतो आणि दर दिवाळीला विचारतो, ताई तुझं आणि माझं काम सेमच ना. नाही रे बाबा. मी इथं सर्जनच्या बाजूचंच सांगतेय.

नोट उघडली की आधी काय

नोटच्या सुरुवातीला "प्रोसिजर परफॉर्म्ड" म्हणून यादी असते. ती वाचा, पण तिच्यावरून कोड टाकू नका. हे मी छातीठोक सांगते कारण मी स्वतः त्यात आपटलेय. पहिल्या वर्षी एका केसमध्ये वर ठळक लिहिलेलं "कमांडो" (जीभ, जबडा आणि मानेतलं सगळं एकत्र काढायचं ऑपरेशन), मी खूश, ४११५५ टाकला आणि पुढच्या नोटला गेले. ऑडिटमध्ये केस परत आली. आतल्या तिसऱ्या पानावर सर्जनने स्पष्ट लिहिलं होतं की मानेतली शीर, नस आणि स्नायू तिन्ही वाचवले, म्हणजे रॅडिकल नेक (गाठींबरोबर हे तिन्हीही काढणं) झालीच नव्हती. आमच्या लीडने काही ओरडून सांगितलं नाही, फक्त ते वाक्य पिवळं करून पाठवलं. ते पिवळं वाक्य अजून डोळ्यासमोर येतं.

तर एक कोरा कागद घ्या. हो, कागदच. त्याचे चार भाग करा : काय कापलं, मानेत काय केलं, काय आणून लावलं, आणि श्वास-अन्नाची काय सोय केली. नोट वाचताना प्रत्येक वाक्य यातल्या एका घरात टाकायचं. जे कुठल्याच घरात बसत नाही ते बहुतेक वेळा वेगळं बिल होतच नाही. आणि तोवर कोडबुक उघडायचंच नाही. आधी कोडबुक उघडलं की आपण नोटमध्ये कोड शोधायला लागतो, नोट वाचायची राहते.

पहिलं घर : काय कापलं

जिभेपासून सुरू करू. अर्ध्यापेक्षा कमी जीभ काढली तर ४११२०, बरोबर अर्धी म्हणजे हेमिग्लॉसेक्टमी असेल तर ४११३०. पूर्ण जीभ काढली आणि मानेची रॅडिकल नाही तर ४११४०, एका बाजूच्या रॅडिकल नेकसकट असेल तर ४११४५. मग कॉम्पोझिट, म्हणजे जिभेबरोबर तोंडाचा तळ आणि जबडाही : रॅडिकल नेकशिवाय ४११५०, नेकसकट ४११५५. मधे एक ४११५३ आहे, त्यात तोंडाचा तळ आणि सुप्राहायॉइड नेक (मानेच्या वरच्या भागातल्या गाठी) आहे पण जबडा नाही. हा कोड लोक विसरतात.

आता बघा, या कोडांमध्ये काही ठिकाणी मान आधीच धरलेली आहे आणि काही ठिकाणी नाही, आणि चूक इथंच होते. ४११४० आणि ४११४५ च्या व्याख्येत "ट्रॅकिओस्टॉमीसह किंवा शिवाय" असंही लिहिलंय, म्हणजे तिथं ट्रॅक (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक) वेगळी मागायची नाही. व्याख्या शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची, अर्धी वाचून सोडलेली व्याख्या ऑडिटमध्ये बरोबर परत भेटायला येते.

जीभ नसून फक्त जबड्याचा मॅलिग्नंट ट्यूमर असेल तर २१०४४, आणि रॅडिकल रिसेक्शन असेल तर २१०४५. टॉन्सिल, पिलर (टॉन्सिलशेजारच्या घड्या) किंवा रेट्रोमोलर (शेवटच्या दाढेमागचा) भाग असेल तर ४२८४२, ४२८४४ आणि ४२८४५ हे तिघे भाऊ, फरक एवढाच की भोक कसं बुजवलं : बुजवलंच नाही, लोकल फ्लॅपने, की दुसऱ्या फ्लॅपने. पूर्ण स्वरयंत्र काढलं तर ३१३६०, रॅडिकल नेकसकट ३१३६५.

जागेबद्दल एक मनातलं. आपल्याकडे मध्य प्रदेशात गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण पाऊच कोपऱ्यावर मिळतातच, त्यामुळे आपल्या डोक्यात तोंडाचा कॅन्सर म्हणजे गाल आणि खालची हिरडी. अमेरिकेच्या नोट्समध्ये टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग खूप येतो, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. आपल्या डोक्यातलं चित्र नोटवर लावू नका. "बेस ऑफ टंग" म्हणजे निदानाचा कोड सी०१, त्याला जिभेच्या बाकी भागांच्या सी०२ मध्ये कोंबायचं नाही.

दुसरं घर : मान

यात सगळ्यात जास्त वेळ द्या.

मी नवीन पोरांना हे कसं शिकवते ते सांगते. परवा एक मुलगा बसला होता बाजूला, सहा महिने झालेत त्याला, म्हणे मॅडम मॉडिफाइड आणि रॅडिकल यात मला फरकच कळत नाही. टेबलावर शेवेचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा होता, मी तोच उलटा करून त्यावर मान काढली. तीन रेषा. एक जाड, ती स्टर्नोक्लिडोमास्टॉइड, कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा स्नायू. मान वळवली की उठून दिसतो तो. त्याच्याखाली निळी, इंटर्नल ज्युग्युलर व्हेन. आणि तिरकी जाणारी बारीक, स्पायनल अ‍ॅक्सेसरी नर्व्ह, जिच्यामुळे आपण खांदा उचलतो. स्नायू, शीर, नस. मग म्हटलं, गाठींचे पाचही लेव्हल (मानेचे ठरलेले पाच भाग) काढले आणि या तिघांनाही घेऊन गेले तर रॅडिकल. पाचही लेव्हल काढले पण तिघांपैकी एकाला जरी मागे ठेवलं तर मॉडिफाइड रॅडिकल. आणि पाच लेव्हल काढलेच नाहीत, उदाहरणार्थ एक ते तीनच काढले, तर सिलेक्टिव्ह. त्याने डब्याचा फोटो काढून घेतला. डबा मी नंतर टाकला, त्याला शेवेचा वास येत होता.

जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये ही मूळची रॅडिकल पद्धत मांडली, तेव्हा सगळंच काढायचे आणि पेशंटचा खांदा कायमचा पडायचा. आता नस वाचवण्याकडे कल आहे, त्यामुळे खरी रॅडिकल नेक नोटमध्ये क्वचितच सापडते. मात्र हेडिंगमध्ये "रॅडिकल" हा शब्द सवयीने येतो.

कोड असे : सुप्राहायॉइड ३८७००, पूर्ण सर्व्हायकल म्हणजे रॅडिकल ३८७२०, मॉडिफाइड रॅडिकल ३८७२४. सिलेक्टिव्ह नावाचा वेगळा कोडच पुस्तकात नाही, त्यामुळे लेव्हल कुठले काढले ते बघून ३८७०० की ३८७२४ हे ठरतं आणि त्यासाठी क्लायंटची लेखी पॉलिसी असते, ती आधी मागून घ्या. आणि सबमँडिब्युलर ग्रंथी लेव्हल एकबरोबर निघून येते, तिचा ४२४४० वेगळा लावायचा नाही. हा मोह फार होतो कारण नोटमध्ये त्या ग्रंथीवर चांगला परिच्छेदभर लिहिलेलं असतं.

नोटमध्ये शीर वाचवली की नाही हेच लिहिलेलं नसेल तर? अंदाज नाही करायचा, क्वेरी करायची, म्हणजे सर्जनला लेखी विचारायचं. आणि क्वेरी लिहिताना "ज्युग्युलर वाचवली ना?" असं विचारायचं नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. विचारायचं की स्नायू, शीर आणि नस यांचं काय केलं ते कृपया नमूद करावं. एवढंच.

तिसरं घर : काय आणून लावलं

फ्लॅपमध्ये दोन प्रश्न विचारा. रक्तवाहिनी तोडून मायक्रोस्कोपखाली नव्याने जोडली का? आणि आत काय काय आलं, कातडी, स्नायू की हाड?

तोडून जोडली असेल तर फ्री फ्लॅप. स्नायू किंवा स्नायू-कातडी १५७५६, कातडी १५७५७, फॅशिया (स्नायूवरचं पातळ आवरण) १५७५८. पायाच्या फिब्युलाचं फक्त हाड असेल तर २०९५५, हाडाबरोबर कातडीही आली तर २०९६९. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये फिब्युलाने जबडा बांधायची पद्धत छापली, आज जबड्याच्या बहुतेक मोठ्या केसमध्ये तेच हाड दिसतं, त्यामुळे २०९६९ हातात बसून जाईल तुमच्या.

रक्तवाहिनी न तोडता फ्लॅप फिरवून आणला असेल तर पेडिकल्ड. यात एक गंमत आहे. छातीचा पेक्टोरॅलिस मेजर फ्लॅप तोंडात लावला तरी कोड १५७३४, म्हणजे धडाचा, कारण या कोडात फ्लॅप कुठून घेतला ते बघतात, कुठे लावला ते नाही. पहिल्यांदा सगळेच १५७३३ टाकतात कारण त्यात हेड अँड नेक लिहिलंय.

फ्री फ्लॅपमध्ये मायक्रोस्कोप आतच धरलेला आहे, ६९९९० वेगळा लावू नका. मात्र जिथून फ्लॅप घेतला ती जागा टाके घालून बंद झाली नाही आणि वर कातडी लावावी लागली तर ती वेगळी. हातापायाला स्प्लिट थिकनेस (कातडीचा वरचा पातळ थर) असेल तर पहिल्या १०० चौरस सेंटिमीटरला १५१००, पुढच्या प्रत्येक १०० ला किंवा त्याच्या भागाला १५१०१. त्यासाठी नोटमध्ये माप हवं. "लार्ज ग्राफ्ट" हे माप नाही.

चौथं घर : श्वास आणि अन्न

हे पटकन आटपू. ठरवून केलेली ट्रॅकिओस्टॉमी ३१६००, पण तिच्यावर "सेपरेट प्रोसिजर" असा शिक्का आहे, म्हणजे मोठ्या ऑपरेशनचाच भाग असेल तर ती त्यातच गेली. मुख्य कोडची व्याख्या बघा, मग एनसीसीआय एडिट (कुठले कोड एकत्र मागता येत नाहीत याची सरकारी यादी) बघा. हे एडिट १९९६ पासून आहेत आणि दर तिमाहीला बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या एक्सेल शीटवर भरवसा नको, आमच्याकडे एकीने तेच केलं होतं. नाकातून नळी घातली तर तिचा ४३७५२ फक्त फ्लुरोस्कोपी वापरली असेल तरच. पेग ट्यूब (पोटातून थेट जठरात जाणारी अन्नाची नळी) एंडोस्कोपने घातली तर ४३२४६. सुरुवातीला सर्जनने फक्त ऑपरेशनची जागा बघायला स्कोप घातला तर तो वेगळा नाही. आणि फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असताना केलेली तुकड्याची तपासणी) हे पॅथॉलॉजिस्टचं बिल, सर्जनचं नाही.

आता एक केस सोबत बसून करू

खरी नोट इथं टाकता येणार नाही, अमेरिकेचा रुग्ण-गोपनीयतेचा हिपा कायदा आहे, आणि प्लीज तुम्हीही नोटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डाऊट म्हणून टाकू नका, नाव झाकलं तरी. म्हणून ही मी मनाने रचलीय.

हेडिंग : "कमांडो, बायलॅटरल नेक, फिब्युला." आत : डाव्या बाजूच्या तोंडाच्या तळातून सुरू झालेला ट्यूमर, जीभ थोडी आणि जबड्याचा तुकडा एकसंध काढला. डावी मान लेव्हल एक ते पाच, तिन्ही रचना शाबूत. उजवी मान एक ते तीन. ट्रॅकिओस्टॉमी. दुसऱ्या सर्जनने डाव्या पायाचं फिब्युला कातडीसकट आणून, एक धमनी आणि दोन शिरा जोडून जबडा बांधला. पायावर १४ बाय ९ सेंटिमीटरचा ग्राफ्ट. नाकातून नळी.

हेडिंग सांगतं ४११५५. कागदावरची पहिली दोन घरं बघितली तर मान रॅडिकल नाही, म्हणून आम्ही ४११५० घेतो आणि मान वेगळी. डावीकडे ३८७२४. उजवीकडे सिलेक्टिव्ह, क्लायंटची पॉलिसी ३८७२४ म्हणत असेल तर दोन्ही मिळून ३८७२४ ला ५० हा दोन्ही बाजूंचा मॉडिफायर. समजा डावीकडे खरंच रॅडिकल झाली असती, तर डावी बाजू ४११५५ मध्येच गेली असती आणि फक्त उजवी मान ५९ किंवा एक्सएस (हे काम वेगळं आहे असं सांगणारे मॉडिफायर) लावून, बाजू सांगून, वेगळी आली असती. इथं लोक घाईत दोन्ही बाजूंना ५० लावून डावी मान दोनदा मागतात.

ट्रॅक ४११५० च्या व्याख्येत नाही, म्हणून ३१६०० साठी एडिट तपासायचं. नळीला काही नाही, फ्लुरोस्कोपी नव्हती.

दुसऱ्या सर्जनचा क्लेम, म्हणजे विम्याकडे जाणारं बिल, वेगळा : २०९६९, आणि १४ गुणिले ९ म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर, म्हणून १५१०० एक आणि १५१०१ एक. दोन सर्जन दिसले म्हणून ६२ हा मॉडिफायर लावायचा मोह होतो. तो लावायचा नाही. एकाच कोडचं काम दोघांनी वाटून केलं असेल तरच ६२. इथं दोघांचे कोडच वेगळे आहेत. नुसता मदतनीस सर्जन असेल तर ८०, आणि टीचिंग हॉस्पिटलात लायक रेसिडेंट नव्हता म्हणून दुसरा सर्जन आला असेल तर ८२.

क्रम लावताना जास्त आरव्हीयूचा (कामाच्या मोलाचा आकडा) कोड वर. मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) पहिल्याला पूर्ण आणि दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत निम्मे पैसे धरतं, त्यामुळे क्रम चुकला तर पैसे चुकले. १५१०१ सारख्या अ‍ॅड-ऑन कोडला ही कपात नाही, त्याला ५१ (एकाहून जास्त ऑपरेशनचा मॉडिफायर) लावू नका.

मानेला आधी रेडिएशन झालंय, सगळं चिकटलंय, सर्जनला दुप्पट वेळ लागला, तर २२ चा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त कामाच्या मॉडिफायरचा, विचार करा. पण नोटमध्ये कारण आणि जादा वेळ दोन्ही हवं. "डिफिकल्ट केस" एवढ्यावर कोणी पैसे देत नाही.

निदानाचे कोड

आपल्या केसमध्ये तोंडाच्या तळाची बाजू, म्हणजे सी०४.१. जबडा कापला म्हणून सी४१.१ टाकायचा नाही, तो हाडातूनच उगवलेल्या ट्यूमरचा. हिरडीचा कार्सिनोमा हाडात शिरला तरी मूळ जागा हिरडीच, खालची असेल तर सी०३.१. "स्मोकर" लिहिलं असेल आणि सिगारेटचा उल्लेख असेल तर एफ१७.२१०, चघळायच्या तंबाखूचं अवलंबित्व असेल तर एफ१७.२२०. उपचार चालू असताना झेड८५ चा, म्हणजे पूर्वी कॅन्सर होता असा, कोड लावत नाहीत. आणि सर्जनच्या बिलात "प्रॉबेबल", "सस्पेक्टेड" यांना कॅन्सर म्हणून कोड करत नाहीत, ते हॉस्पिटलच्या इनपेशंट बिलाला चालतं.

नंतर पेशंट परत टेबलावर आला तर

या सर्जरींना ९० दिवसांचा ग्लोबल पिरियड असतो, म्हणजे तेवढ्या दिवसांची नेहमीची देखभाल मूळ बिलातच धरलेली. फ्लॅप काळानिळा पडला, रात्री परत ओटीत नेऊन मान उघडली, तर ३५८०० ला ७८ मॉडिफायर. यात फक्त ऑपरेशनपुरते पैसे मिळतात आणि नवा ग्लोबल सुरू होत नाही. आधीपासून ठरलेला दुसरा टप्पा असेल तर ५८, त्यात नवा ग्लोबल सुरू होतो. काहीच संबंध नसलेलं ऑपरेशन असेल तर ७९. ७८ आणि ५८ मधली अदलाबदल मी इतक्या वेळा दुरुस्त केलीय की आता नोटमध्ये तारीख दिसली की आधी मागच्या ऑपरेशनपासून दिवस मोजते.

आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट येईपर्यंत क्लेम होल्डवर ठेवा. मानेतल्या गाठी नोटमध्ये कितीही "सस्पिशस" दिसल्या असल्या तरी रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह आल्या तरच सी७७.० जोडायचा. रिपोर्ट दोन-चार दिवसांनी येतो, तेवढ्यात प्रॉडक्शनचा आकडा भरायला म्हणून सोडून दिलेला क्लेम नंतर करेक्टेड क्लेम बनून तुमच्याच रांगेत येतो, बहुतेक वेळा शुक्रवारी पहाटे, जेव्हा कॅब खाली उभी असते आणि बाकीचे पोहे-जलेबी खायला निघालेले असतात.